चोराला चोर म्हणा, हॅकर नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण फॅन संमेलनावर अर्धं पान दिलंत. फोटो झकास होते. पण उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीचा मथळा वाचला आणि चष्मा पुसून तो पुन्हा वाचावा लागला: 'सुपरहीरोंच्या मेळ्यात हॅकर्सची घुसखोरी'. मी त्या संमेलनाला होतो. ज्या खोलीबद्दल ती चौकट आहे, त्याच खोलीत शेवटून दुसऱ्या रांगेत भिंतीकडेच्या खुर्चीत सव्वा तास बसलो होतो. तिथे कोणी घुसलेलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापली होती, दाराला पाटी होती आणि व्यासपीठावर एक वकील, एक ग्रंथपाल बाई आणि संगणक सुरक्षेचं काम करणारी एक तरुण मुलगी, अशी तीन माणसं होती. 'या मंडळींचा चाहत्यांशी काय संबंध, हे कोडंच आहे,' असं आपल्या प्रतिनिधीने लिहिलंय. मला ते कोडं वाटलं नाही. का, ते सांगतो. पत्र लांबलं तर कात्री आपल्याच हातात आहे.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. एकेचाळीस वर्षं तेच केलं. कॉमिक्स, अंतराळातली युद्धं, मुखवटे यांतलं मला काही कळत नाही. भाचीने पोशाख शिवला होता, त्यात छातीवर बारा दिवे होते आणि ते पेटवणारा छोटा बोर्ड पाठीवरच्या पिशवीत होता. 'मामा, तू चल. वायर निघाली तर कोण बघणार?' म्हणून गेलो. वायर निघालीच. जिन्याखाली बसून, बॅटरीवर चालणाऱ्या सोल्डरिंग आयर्नने सांधा दिला. तेवढ्यात आजूबाजूला चार-पाच पोरं जमली. एकाच्या तलवारीतला दिवा लुकलुकत होता, एकीच्या पंखांची मोटर अडकत होती. तासभर दुकान चाललं. मग पाय भरून आले, तेव्हा भाचीने त्या खोलीकडे बोट दाखवलं. 'तिथे गर्दी नसते, बस निवांत.'

तर निवांत बसलो, आणि पहिल्याच पाच मिनिटांत ताठ झालो. वकील सांगत होता की स्वतः विकत घेतलेलं यंत्र उघडणं हा काही वेळा गुन्हा ठरू शकतो.

ही गोष्ट मला आधीच ठाऊक असायला हवी होती, कारण तिचा चटका मला बसला होता. धंद्याच्या शेवटच्या वर्षात एकाने बंद पडलेला फोन आणला. काच फुटलेली, आतला सगळा ऐवज ठणठणीत. त्याच मॉडेलचा दुसरा मोडका फोन माझ्याकडे होता, त्याची काच काढून बसवली. अस्सल कंपनीचा भाग, माप तेच, पिन त्याच. फोन चालू झाला, पण पडद्यावर तक्रार आली की हा भाग ओळखीचा नाही, आणि दोन सोयी बंद पडल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. काचेच्या मागे बोटाच्या नखाएवढी चिप असते, ती आणि मूळ बोर्ड यांची जोडी कारखान्यात लावलेली असते, आणि ती जोडी पुन्हा लावायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे. दोष माझ्या हातात नव्हता, पण गिऱ्हाईक माझ्याकडेच बघत होतं.

मी काम शिकलो तेव्हा रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कुठला कंडेन्सर किती क्षमतेचा, कुठे किती व्होल्ट मिळाले पाहिजेत, सगळं लिहिलेलं. बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याला लिहिलेली चिठ्ठीच ती. आज झाकणाच्या आत काही नसतं. झाकणावर बाहेरून कागद चिकटवलेला असतो: उघडलंत तर हमी संपली.

आता हॅकर या शब्दाबद्दल, कारण आपल्या मथळ्यावर माझा राग मुख्यतः त्यासाठी आहे. हा शब्द संगणकाच्या संदर्भात रुळला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, १९५०च्या दशकाच्या अखेरीला, आणि तोही कुठे, तर विद्यार्थ्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या मंडळात. मोठ्या टेबलावर छोटे रूळ, छोटी स्थानकं, छोटे डोंगर. मंडळात दोन प्रकारचे लोक होते. एकांना गाड्या हुबेहूब रंगवण्यात, गावं उभारण्यात रस. दुसऱ्यांना टेबलाच्या खाली शिरून टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेल्या रिलेंनी, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांनी, सिग्नल आणि वीज चालवण्यात. त्या खालच्या जागेत केलेल्या एखाद्या नामी युक्तीला ते 'हॅक' म्हणत, आणि अशी युक्ती करणारा तो हॅकर. टेबलाच्या वर चाहते, टेबलाच्या खाली हॅकर, मंडळ एकच. जिन्याखाली बसून भाचीच्या पोशाखाला सांधा देताना मी नेमका कुठल्या बाजूला होतो, ते आपणच ठरवा.

त्याच संस्थेतली आणखी एक गोष्ट सुरक्षेवाल्या मुलीने सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. साधारण १९८०च्या सुमाराची. तिथल्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. कागद सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरसाठी युक्ती केलेली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, जो मोकळा असेल तो जाऊन सोडवायचा. नव्या प्रिंटरलाही तेच करायचं, तर त्याच्या प्रोग्रॅमची मूळ प्रत, म्हणजे जिच्यात बदल करता येतो तो सोर्स कोड, कंपनीने दिलेलीच नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे ती होती, पण 'कुणाला देणार नाही' अशा करारावर त्याने सही केलेली, म्हणून त्याने नकार दिला. स्टॉलमनने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येईल अशा सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पाची घोषणा केली, त्याच्या मुळाशी जी कारणं होती त्यांत हा प्रिंटर होता. जगातले किती तरी संगणक आज ज्या परंपरेतल्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिची सुरुवात अडकलेल्या कागदापाशी आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या धंद्यातली निम्मी दुरुस्ती अशाच कशाने तरी अडकलेल्या वस्तूंची असायची.

पण चाहत्यांशी संबंध काय? घ्या, खेळाचंच उदाहरण. १ मार्च १९९० रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या कंपनीवर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने छापा घातला. कंपनी काय बनवायची? चार मित्रांनी टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचे कल्पित खेळ, म्हणजे अशा संमेलनांना येणाऱ्यांचं आवडतं वेड. संगणक उचलून नेले. भविष्यातल्या संगणकी जगावरच्या एका खेळाच्या पुस्तकाचं हस्तलिखितही त्यात गेलं. त्या पुस्तकाला एका अधिकाऱ्याने संगणक गुन्ह्यांची मार्गदर्शिका म्हटलं! खेळाचं पुस्तक. त्यात फासे टाकून कुलपं उघडतात.

छाप्याचं मूळ अटलांटात होतं. बेलसाउथ या टेलिफोन कंपनीच्या तिथल्या संगणकातून आपत्कालीन ९११ सेवेबद्दलचा एक दस्तऐवज कुणीतरी १९८८ मध्ये उतरवून घेतला होता, आणि तो 'फ्रॅक' नावाच्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात काटछाट करून आला होता. खेळाच्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचा त्याच्याशी संबंध असावा, एवढ्या संशयावर कंपनीचे संगणक गेले. नियतकालिकाचा संपादक हा विद्यार्थी होता. त्याच्यावर खटला भरला गेला आणि दस्तऐवजाची किंमत ७९,४४९ डॉलर लावली गेली. न्यायालयात उघड झालं की तशीच माहिती देणारी पुस्तिका १३ डॉलरला कुणालाही विकत मिळते. सरकारने खटला मागे घेतला. संपादकाची ही गोष्ट संपादकांना सांगायला मी कचरत नाही.

खेळाच्या कंपनीवर शेवटपर्यंत कुठलाच आरोप ठेवला गेला नाही, पण पुस्तक लांबलं, माणसं कमी करावी लागली. कंपनीने उलट सरकारवर दावा लावला. १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल दिला: नुकसानभरपाई ५० हजार डॉलर, वर वकिलाचा खर्च. जप्त संगणकावर खेळाडूंसाठीची एक संदेशफलक सेवा चालायची, आणि त्यात अजून न वाचलेली १६२ खाजगी पत्रं पडून होती. छाप्याच्या वॉरंटमध्ये त्या पत्रांचा पत्ताच नव्हता. साठवलेल्या ई-पत्रांनाही कायद्याचं संरक्षण आहे, हे त्या खटल्यात ठाशीवपणे पुढे आलं. दाव्यामागे जी संस्था उभी राहिली ती इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन. छाप्यांच्या त्याच हंगामात, जुलै १९९० मध्ये, मिच केपर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिलमोर यांनी ती स्थापन केली. म्हणजे डिजिटल हक्कांची जगातली सगळ्यात नावाजलेली संस्था ज्या खटल्यावर उभी राहिली, त्यात फिर्यादी एक खेळ बनवणारा होता. अटलांटातच १९८७ पासून भरणाऱ्या ड्रॅगन कॉन या अवाढव्य फॅन संमेलनात याच विषयांचा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर्स नावाचा स्वतंत्र विभाग चालतो. याला घुसखोरी म्हणायचं तर सासरी आलेल्या मुलीलाही म्हणावं लागेल.

सिनेमाचाही असाच धागा आहे. १९८३ साली 'वॉरगेम्स' नावाचा सिनेमा आला: एक पोरगा घरच्या संगणकावरून लष्कराच्या संगणकात शिरतो. तो पाहून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन अस्वस्थ झाले, आणि पुढच्या वर्षी संगणक गुन्ह्यांच्या विधेयकावरच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीने आपल्या अहवालात चक्क त्या सिनेमाचा हवाला दिला. तिथूनच १९८६चा संगणक गैरवापराचा कायदा आला. कथेवर कायदा बेतला की जे होतं तेच झालं. 'परवानगीपलीकडे जाणं' म्हणजे नेमकं काय, हे पस्तीस वर्षं धड कुणाला सांगता येत नव्हतं. २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका पोलीस सार्जंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याने पैसे घेऊन पोलिसांच्या संगणकात गाडीचा नंबर शोधून दिला होता. कृत्य वाईटच. तरी सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं की हा कायदा त्याला लागू नाही, कारण तो संगणक बघायची त्याला मुभा होतीच. सरकारचा अर्थ धरला तर कचेरीच्या संगणकावर बातम्या वाचणाराही गुन्हेगार ठरेल, असं निकालपत्रातच आहे. आपले किती वाचक कचेरीतून आपलं दैनिक वाचतात, ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता माझ्या फोनच्या काचेकडे येतो. अमेरिकेत १९९८ साली डिजिटल प्रताधिकाराचा जो कायदा झाला, त्याचं १२०१ क्रमांकाचं कलम म्हणतं की डिजिटल कुलूप, म्हणजे नक्कल किंवा फेरफार अडवणारी सॉफ्टवेअरची अडसर, तोडायचं नाही. आतला माल चोरायचा नसला, तुमचाच असला, तरी नाही. सिनेमाची चोरी रोखायला आणलेलं हे कलम पुढे जिथे जिथे सॉफ्टवेअर शिरलं तिथे तिथे जाऊन बसलं. गाडीत, ट्रॅक्टरमध्ये, छपाईच्या शाईच्या डबीत. सूट हवी असेल तर दर तीन वर्षांनी अर्ज करायचा. तो काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे, कारण प्रताधिकाराचं खातं त्या ग्रंथालयाच्या हाताखाली येतं. तुमचा ट्रॅक्टर तुम्ही उघडावा की नाही, हे ग्रंथपाल ठरवणार! २०१५ मध्ये गाड्या आणि शेतीची यंत्रं सुटली, २०१८ मध्ये फोन आणि घरातली उपकरणं, २०२४ मध्ये दुकानांतली आइस्क्रीमची यंत्रं. अंध वाचकांना पुस्तक मोठ्याने वाचून घेण्यासाठी ई-पुस्तकाचं कुलूप काढायची सूटही अशीच, तीन-तीन वर्षांच्या हप्त्याने.

इथे मी न राहवून हात वर केला. विचारलं, सूट मिळाली म्हणजे आता मी हे काम करायला मोकळा ना? वकील हसला. म्हणाला, कुलूप उघडायला सूट आहे, पण उघडायचं हत्यार बनवून विकायला किंवा वाटायला नाही. म्हणजे पान्याशिवाय नट सोडवा. प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचा पाना स्वतः घडवायचा, आणि शेजारच्याला उसना द्यायचा नाही. असा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी पेचकस हातात धरला नसणार.

चाहते या कलमात दुरुस्तीवाल्यांच्याही आधी सापडले. आवडत्या मालिकेतले तुकडे जोडून, त्यावर गाणं चढवून नवा अर्थ काढणारे हौशी संकलक असतात. यात बायका फार. डीव्हीडीवरून दहा सेकंदांचा तुकडा घ्यायचा तर कुलूप तोडावं लागायचं. २०१० मध्ये अशा विनाव्यापारी व्हिडिओंना सूट मिळाली, ती इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या वकिलांनी आणि चाहत्यांच्याच संस्थेने बाजू मांडल्यावर. ज्या डीव्हीडीच्या कुलपाची ही कथा, ते १९९९ मध्येच उघडलं होतं. त्यात नॉर्वेचा योन योहानसेन हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. स्वतःच्या डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर बघायच्या, एवढंच त्याचं म्हणणं. खटला झाला, २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, अपिलातही सुटला. मधल्या काळात त्या प्रोग्रॅमवर बंदी आली, तेव्हा लोकांनी तो टी-शर्टवर छापून अंगात घातला. अंगावर प्रोग्रॅम घालून फिरणारा माणूस हॅकर की चाहता, हे मला तरी सांगता येणार नाही.

एक गंमत राहिली. 'स्टार ट्रेक' मालिकेवर चाहते सिनेमा काढत होते, त्यांच्यावर स्टुडिओने दावा लावला. दाव्यात परग्रहावरच्या लोकांची क्लिंगॉन भाषाही आपली मालमत्ता म्हणून सांगितली. तेव्हा २०१६ मध्ये भाषा रचणाऱ्यांच्या एका संस्थेने न्यायालयात निवेदन दिलं की भाषा कुणाच्या मालकीची असू शकत नाही, आणि त्या निवेदनात काही मजकूर चक्क क्लिंगॉनमध्ये लिहिला. प्रकरण तडजोडीत मिटलं, भाषेचा निकाल लागलाच नाही. खोलीत सगळ्यात मोठा हशा या गोष्टीला आला, आणि मला वाटतं मुद्दाही तिथेच सगळ्यांना पोचला.

मी काही त्या मंडळींचा भाट नाही. प्रश्नोत्तरांत एक पोरगा उठला आणि शेजाऱ्याचं वायफाय कसं फोडलं, ते मिशीला पीळ देत सांगायला लागला. सुरक्षेवाल्या मुलीने त्याला मध्येच थांबवलं. कुलपं उघडण्याचा छंद असलेल्या लोकांत दोन नियम असतात, ती म्हणाली: जे कुलूप आपलं नाही ते परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि जे वापरात आहे ते तर आपलं असलं तरी उघडायचं नाही. पोरगा खाली बसला. माझ्या दुकानातही उमेदवार म्हणून येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो, फक्त माझे शब्द जरा कडक असायचे.

म्हणून विनंती एवढीच. कुणाच्या खात्यातून पैसे गेले तर तसं लिहा: चोरी झाली, फसवणूक झाली. मराठीत चोराला शब्दांची कमतरता नाही. भामटा आहे, ठग आहे, लुटारू आहे. त्या सगळ्यांना रजा देऊन 'हॅकर' हा एकच शब्द राबवला की जो खरोखर कुलपातली चूक शोधून कंपनीला कळवतो, त्याच्या मागेही पोलीस लागतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याला आपल्या वकिलांना लेखी सांगावं लागलं की प्रामाणिक हेतूने सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांवर खटले भरू नका. शब्द नीट वापरले गेले असते तर हे सांगायची पाळी बहुधा आली नसती.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये)

ता. क. – पहिल्या फोटोखाली 'तयार मिळणारे आकर्षक दिवे' असं छापलंय. ती माझी भाची आहे. दिवे तयार मिळालेले नाहीत. बोर्डवरचा प्रोग्रॅम तिने दुसऱ्या कुणीतरी सर्वांसाठी मोकळा ठेवलेला घेऊन त्यात स्वतः बदल केलेत, आणि तेही पुढच्यासाठी मोकळे ठेवलेत. फोटोत डावीकडून तिसरा दिवा विझलेला दिसतो. तो मात्र माझा सांधा. ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, राहिला होता.